ओढ्याच्या लाईनवर सतरा कान

मला लोक चोंबडी म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि एकदा तर चर्चच्या पायरीवर सेक्रेटरी नोर्डालांनी सगळ्यांसमोर म्हटलं. तेव्हा माझ्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या शुक्रवारी लोम गावात जे झालं ते माझ्याशिवाय धड कुणाला सांगता येणार नाही, कारण बाकीचे सगळे आजही बायबलवर हात ठेवून सांगतात की आम्ही काही ऐकलंच नाही.

१९१२ चा मार्च महिना. मी सोळा वर्षांची. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गावाचा टेलिफोनचा बोर्ड होता. खरं म्हणजे बोर्डाच्या मागे आमचं घर होतं. कंपनी शेतकऱ्यांनीच आपापसांत काढलेली, खांब त्यांनीच पुरलेले. बोर्ड जो सांभाळेल त्याला राहायला घर, असा त्यांचा नियम. वडील मळणीयंत्रात सापडून गेले तेव्हा माझी ताई, रॅग्ना, सतरा वर्षांची होती. वडिलांना पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती बोर्डापुढे बसली ती आठ वर्षं उठली नाही. आई, मी आणि शाळेत जाणारे दोघं धाकटे, आम्ही सगळे तिच्या दोन कानांवर जगत होतो. नियमाच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: बोर्डावरच्या मुलीनं लग्न केलं तर त्याच महिन्यात बोर्ड आणि घर दोन्ही रिकामं करायचं.

गावातून चार लायनी निघत. टेकडीची, गिरणीची, चर्चची आणि ओढ्याची. ओढ्याची सगळ्यांत लांब, सीडर स्टेशनपर्यंत नऊ मैल, आणि तिच्या एका तारेवर सतरा घरं. प्रत्येक घराची घंटी वेगळी, पण वाजायची ती सतराही घरांत. दुसऱ्याची घंटी वाजली तर फोन उचलू नये, असा नियम सातवा कंपनीच्या सेक्रेटरी नोर्डालांनी छापून घरोघरी फोनच्या वर टांगला होता. लोक तो वाचायला फोनजवळ जात, आणि गेलेच आहेत तर उचलत.

ऐकायला कुणाचीच हरकत नव्हती. ऐकलं असं कबूल करणं मात्र वाईट समजलं जाई. ओडेगार्डांना जुळं झालं तेव्हा लाईनला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी रविवारी चर्चमध्ये ओडेगार्ड स्वतः सांगेपर्यंत सगळे त्यांना "काय, थंडी फार पडलीय ना?" असं विचारत राहिले, आणि सांगितल्यावर "अगंबाई, दोन?" म्हणून तोंडावर हात ठेवते झाले. असं आमचं गाव.

फक्त एक गोष्ट कुणाच्या हातात नव्हती. तारेतून येणारा आवाज म्हणजे घागरभर पाणी. एकानं ऐकलं तर घागर त्याची. दहांनी ऐकलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चूळ भरण्यापुरतं, आणि लांबून येणारं तर सगळ्यांत आधी आटे. म्हणून आवाज बारीक झाला की ताई समजायची, आज ओढ्यावर गर्दी आहे.

त्या ओढ्याच्या तारा ओढणारा, वादळानंतर खांबावर चढून त्या जोडणारा माणूस म्हणजे अस्लाक रुडी. उंच, लाजाळू, बोलायला लागला की टोपी काढून हातात धरणारा. रोज संध्याकाळी सहाला तो कुठल्या तरी खांबावरून बोर्डाला, म्हणजे सेंट्रलला, फोन करी.

"हॅलो सेंट्रल. लाईन चालते का?"

"चालते," ताई म्हणे.

मग दोघंही अर्धं मिनिट गप्प राहत. फोन कुणी ठेवत नसे. तीन वर्षं रोज संध्याकाळी सहाला ते अर्धं मिनिट सतरा घरं ऐकत होती. स्कारेकाकूंनी त्यासाठी बटाटे उकडायची वेळ बदलली होती, असं म्हणतात. एवढं होऊन लग्नाचा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही, आणि ताईनं तो कधी काढायला लावला नाही. बारीक अक्षरांतली ओळ तिला पाठ होती.

सगळ्या लोममध्ये न ऐकणारं माणूस एकच, आमची आई. घरात बोर्ड असून आठ वर्षांत तिनं एकदाही कानाला रिसीव्हर लावला नव्हता. "दुसऱ्याचं बोलणं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं," असं ती माझ्याकडे बघून म्हणायची. मला शिकवण्यासाठी ताईनं भिंतीवर एक जादा रिसीव्हर टांगला होता. तो माझ्या कानापासून क्वचितच दूर असे.

तर त्या शुक्रवारी आई स्कारेकाकूंकडे बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी बटाट्याच्या पोळ्या लाटायला गेली होती. दुपारचे पावणेचार झाले होते. बोर्डावर ओढ्याच्या लाईनची, कुणी बोलावतंय हे सांगणारी झडप खट्‌कन पडली. ताईनं लाईन जोडायची खुंटी लावली, मी रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो सेंट्रल."

अस्लाक! आणि सहा वाजायला सव्वादोन तास!

"लाईन चालते," ताई म्हणाली. तिलाही दुसरं काही सुचलं नाही.

"लाईनचं नाही विचारत. मी सीडर स्टेशनजवळ आहे. शेवटच्या खांबावर."

"खांबावर कशाला? स्टेशनात फोन आहे की."

"तिथं स्टेशनमास्तर ऐकतो."

मला हसू आवरेना. ज्यानं ही तार स्वतःच्या हातानं सतरा घरांवरून ओढली, तो बाबा एका स्टेशनमास्तराला चुकवायला तीस फूट उंच चढून बसला होता! प्रेमात माणसाची अक्कल कुठे चरायला जाते कोण जाणे.

"चार दहाच्या गाडीनं मी दूर पश्चिमेला, मोंटानाला चाललोय, रॅग्ना. तिकडे सरकारी जमीन धरलीय. महिनाअखेरीच्या आत जाऊन नाव घालायचंय."

ताईचा हात खुंटीवर तसाच राहिला. तारेत खट्‌ झालं. कुणी तरी फोन उचलला होता. मग आणखी एकदा. मग खट्‌ खट्‌ खट्‌, तव्यावर मका फुटावा तसं. प्रत्येक खट्‌बरोबर अस्लाकचा आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला.

"जायच्या आधी... एक विचारायचं... राहिलं..."

"काय?" ताई ओरडली. "अस्लाक, मोठ्यानं बोल!"

पलीकडून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला आणि तोही विरला. घड्याळात तीन एकावन्न.

आठ वर्षांत ताई कधी कुणावर चढ्या आवाजात बोलली नव्हती. लाईनवर कोण कोण आहे हे तिला नेहमी कळत असे, पण तिनं कधी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिनं पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या.

"पाद्रीणबाई, तुमच्याकडची पियानोची शिकवणी मध्येच का थांबली? फोन ठेवा."

"मी कुठे ऐकतेय?" पाद्रीणबाई म्हणाल्या, आणि खट्‌.

"ओडेगार्डवहिनी, जुळ्यातलं एक रडतंय. त्याला घ्या."

"अगं, मी फक्त फोन पुसत होते!" खट्‌.

"तेल्लेफदादा, टोरदादा, तुम्ही दोघं एका रिसीव्हरला कान लावून बसलाय. श्वास दोन ऐकू येतायत."

हे दोघं भाऊ साठीचे, अविवाहित, एकाच घरात राहणारे. मार्चच्या थंडीत त्यांनी नवं वासरू स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणून बांधलं होतं, तेही हंबरलं.

"आम्ही नाही हं," तेल्लेफ म्हणाला. "वासरू आहे."

"वासरानं फोन उचलला का?"

थोडा वेळ विचार झाला. "तसंच असेल," टोर म्हणाला. खट्‌.

"स्कारेकाकू, तुमचं घड्याळ लंगडतं, एक टिक मोठी आणि एक छोटी. ठेवा."

"ठेवला!" स्कारेकाकू म्हणाल्या, आणि घड्याळ लंगडतच राहिलं.

"आणि तुम्ही. दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी ओढताय ते. नियम सातवा तुम्हीच छापलाय ना?"

कॉफी ओढणं बंद झालं. नाकानं कांदे सोलणाऱ्या सेक्रेटरी नोर्डालांनी गुपचूप फोन ठेवला. आठ-दहा खट्‌ झाल्यावर अस्लाक एकदम वर आला, विहिरीतून बादली यावी तसा.

"...ऐकू येतंय का? रॅग्ना, तीन वर्षं झाली. मला जे म्हणायचंय ते असं की तू माझ्याशी—"

आणि सतराच्या सतरा घरांनी एकदम फोन उचलला!

सांगते ना, त्यांनाही राहवलं नाही. तीन वर्षं शिजत ठेवलेलं आता पातेल्यातून बाहेर येत होतं, आणि झाकण धरून कोण बसेल? पण अस्लाक गेला. दिव्यातलं तेल संपावं तसा गेला. ताईनं दोन्ही हातांनी बोर्ड धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा बघितलं, वडिलांच्या वेळीही बघितलं नव्हतं. "ठेवा हो," ती म्हणाली, "पाया पडते, ठेवा." सगळे बहुतेक एकमेकांची वाट बघत होते: दुसऱ्यानं ठेवला की मी ठेवीन.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, थांबा, यांच्या कानांत अशी घंटी वाजवते की रिसीव्हर हातातून गळून पडले पाहिजेत. ताईच्या पुढून हात घालून मी घंटीची दांडी धरली आणि जीव खाऊन फिरवली, लांब, अगदी लांब.

आता लांब घंटी आमच्याकडे एकाच कामाला वाजवत. आग, पूर, हरवलेलं मूल. आणि ती वाजवायची म्हणजे आधी चारही लायनी एकत्र जोडायच्या. माझ्या हाताला तेवढंच शिकवलेलं होतं, म्हणून दांडी फिरवताना दुसऱ्या हातानं मी तिन्ही खुंट्या सवयीनं ठोकून मोकळी झाले होते. ओढ्यावरच्या सतरांचे कान फुटले असतील नसतील, पण टेकडीवरचे, गिरणीकडचे, चर्चकडचे, होते नव्हते ते सगळे फोनला धावले. सतराच्या जागी एकसष्ट!

"कुठे आग? कुणाकडे?"

"बादल्या घेऊन येऊ का?"

"नोर्डालांचा गोठा गेला म्हणतात!"

"माझा गोठा? माझा?" हे नोर्डाल.

ताई माझ्याकडे वळली. त्या नजरेपुढे मी आगीत उडी घ्यायलाही तयार होते, पण आग नव्हती ना कुठे.

तेवढ्यात त्या गोंगाटातून स्कारेकाकूंचा आवाज आला. "गप्प बसा सगळे! आगबिग काही नाही. अस्लाक खांबावर बसून रॅग्नाला मागणी घालतोय, चार दहाला त्याची गाडी आहे, आणि तुम्ही मेले मध्ये कडमडताय!"

सगळं शांत झालं. मग गिरणीकडच्या कुणी तरी हळूच विचारलं, "स्कारेवहिनी, तुम्हाला कसं माहीत?"

हे विचारणं म्हणजे भर चर्चमध्ये पाठीवरचा कपडा ओढण्यासारखं होतं.

"माहीत आहे!" स्कारेकाकू कडाडल्या. "ऐकलं मी! आज ऐकलं, काल ऐकलं, तीन वर्षं ऐकतेय! झालं तुमचं समाधान?"

लोमच्या टेलिफोनला अकरा वर्षं झाली होती, आणि कबूल करणारं हे पहिलं माणूस. त्यानंतर बांधच फुटला. "मीही ऐकते," ओडेगार्डवहिनी म्हणाल्या. "मीही," पाद्रीणबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "देव क्षमा करो." तेल्लेफ म्हणाला, "वासरू नव्हतं, आम्हीच होतो." टोर म्हणाला, "मग रॅग्ना, हो म्हण की बाई! अडलंय कुठे?"

ताईनं डोळे पुसले. मग आठ वर्षं पोटात ठेवलेलं तिनं एकसष्ट घरांना सांगून टाकलं. "कुठे अडलंय? मी लग्न केलं की या महिन्यात घर जातं. आईनं दोन पोरांना घेऊन कुठे राहायचं? तुमच्याच नियमात लिहिलंय ते. माझ्या मनात नाही असं समजू नका. फार आहे."

ते "फार आहे" तिनं कसं म्हटलं ते मी लिहून दाखवू शकत नाही.

"नोर्डाल," तेल्लेफ म्हणाला, "आहेस ना? साखर चघळतोयस ते ऐकू येतंय."

नोर्डालांनी घसा खाकरला. "नियम म्हणजे नियम. बोर्ड रिकामा ठेवता येत नाही."

"रिकामा कशाला?" मी मध्येच ओरडले. "मी आहे ना! मला सगळ्यांच्या घंट्या पाठ आहेत!"

"तू चोंबडी आहेस, गुरी."

"आणि तुम्ही आत्ता काय कॉफी प्यायला फोन उचललात?"

असलं हसू तारेतून आलं की रिसीव्हर कानाला गुदगुल्या करायला लागला. हसता हसता स्कारेकाकू म्हणाल्या, "अहो, कंपनी कुणाची? आपली. सभासद किती? एकसष्ट. लाईनवर किती? एकसष्ट. मग हीच सभा! पोरगी सोळाची आहे, सतराची होईल. रॅग्ना बसली तेव्हा केवढी होती? बोर्ड गुरीला, घर तिच्या आईला, सुनिव्हाला. कोण कोण हो म्हणतं?"

मला त्या "हो"चा आकडा सांगता येणार नाही. एवढंच सांगते की बोर्डाच्या सगळ्या झडपा थरथरल्या आणि खिडकीतली मांजर पलंगाखाली गेली.

"नोर्डाल?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले. "पण एक अट लिहून घेतो. या पोरीच्या तोंडून बोर्डावरची एक गोष्ट जरी बाहेर गेली, तर त्याच दिवशी बोर्ड परत. आजपासून."

"कबूल!" मी म्हटलं. तेव्हा ही अट केवढी जड जाणार आहे याची मला काय कल्पना!

चार वाजून तीन मिनिटं झाली होती. ताईनं एका झटक्यात तीन लायनींच्या खुंट्या उपटल्या. उरला फक्त ओढा.

"आता ठेवा," ती म्हणाली. ओरडून नाही, घरच्या माणसांना सांगावं तसं. "सगळं ऐकलंत तुम्ही आजवर. एवढं एक माझं मला ऐकू द्या."

खट्‌. खट्‌. मी मोजत होते. पाद्रीणबाई गेल्या, ओडेगार्डवहिनी गेल्या, दोघं भाऊ वासरासकट गेले. बारा, तेरा. नोर्डालांची बशी टेबलावर टेकली. पंधरा, सोळा. प्रत्येक खट्‌बरोबर अस्लाक वर येत होता. "हॅलो... हॅलो... रॅग्ना, मी इथेच आहे..." बिचाऱ्याला मधल्या सभेतलं अवाक्षर ऐकू आलं नव्हतं, थंडीत खांबाला मिठी मारून तो तेवढंच म्हणत बसला होता.

पण आवाजात अजून एक भेग होती. घड्याळ लंगडत होतं. मोठी टिक, छोटी टिक.

"स्कारेकाकू," ताई म्हणाली, "ठेवा ना."

"स्कारेवहिनी चुलीपाशी गेल्या," तिकडून आवाज आला. "मी आहे."

मी रिसीव्हर घट्ट धरला. आई! आठ वर्षांत पहिल्यांदा.

"रॅग्ना, मला दोनच शब्द बोलायचेत, मग मी ठेवते. अस्लाक, तूही ऐक. दोन वर्षांपूर्वी यानं माझ्याकडे येऊन तुला रीतसर मागितलं होतं. टोपी हातात घेऊन उभा होता. मी म्हटलं, धाकटे थोडे मोठे होऊ देत, तोवर तिच्याजवळ शब्द काढू नकोस. त्यानं शब्द पाळला. मी तुला सांगितलं नाही. तो बोलत नाही म्हणून तू रात्री कूस बदलत राहायचीस, ते मी बघितलं आणि तरी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटायची, तू गेलीस तर आमचं कसं होणार. दुसऱ्याच्या ताटातलं खाऊ नये असं तुम्हाला शिकवलं, आणि मी तुझ्याच ताटातलं खात बसले. चुकलं माझं."

"आई—"

"आता नको. त्याची गाडी आहे. बोल त्याच्याशी."

खट्‌. घड्याळ थांबलं.

आणि अस्लाक खोलीत आला म्हणा ना! इतका स्वच्छ की खांबावरचा वारा, त्याच्या बुटांच्या खिळ्यांची लाकडावरची करकर, त्याचा श्वाससुद्धा. जवळ जवळ स्वच्छ. एक बारीकशी धूळ मात्र आवाजावर राहिली होती. ताईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रिसीव्हरकडे.

हात कापून द्यायला सांगितला असता तरी एवढं वाटलं नसतं. पण मी रिसीव्हर भिंतीला टांगला, आणि मांजर शोधायच्या निमित्तानं आतल्या खोलीत जाऊन दोन्ही कानांवर उशी दाबून बसले.

त्यामुळे अस्लाकनं काय विचारलं, ताईनं काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. आजही नाही. लोमच्या टेलिफोनवर कुणीही न ऐकलेलं तेवढं एकच बोलणं.

मी बाहेर आले तेव्हा ताई उभी होती. तिनं रिसीव्हरचा डोक्यावरचा पट्टा काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. कानाशी तो अजून उबदार होता. तिनं आरशात बघून केस सारखे केले, ते सारखे होईनात म्हणून तशीच हसली, कोट घेतला आणि दार उघडं टाकून पळत सुटली. चार दहाची गाडी चार पस्तीसला आमच्या स्टेशनात पाणी भरायला सात मिनिटं थांबते. स्टेशन आमच्या खिडकीसमोरच आहे.

आणि मग झडपा पडायला लागल्या.

"हॅलो सेंट्रल," ओडेगार्डवहिनी. "किती वाजले गं?"

"चार एकवीस."

"बरं." ठेवत मात्र नव्हत्या. "आणखी काही?"

"आणखी काही नाही."

मग पाद्रीणबाई. किती वाजले? मग टोर. मग तेल्लेफ, आपलं घड्याळ टोरच्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या गावाची जुनी खोड! सेक्रेटरी नोर्डालसुद्धा. "सेंट्रल, वेळ काय झाली?" मी म्हटलं, "चार एकोणतीस, आणि दुसरं काही सांगायला मला मनाई आहे." ते "हं" म्हणाले, पण त्यांच्या "हं"मध्येसुद्धा जीव टांगणीला लागलेला होता.

गाडी आली. मी खिडकीकडे तोंड करून बसले. वाफेत आधी काहीच दिसेना. मग अस्लाक दिसला, फलाटावर उतरलेला, टोपी हातात. ताई त्याच्यासमोर. काय बोलत होती देव जाणे, पण हात असे हलवत होती की आठ वर्षांत मी तिचे हात तसे हललेले बघितले नव्हते. मग शिट्टी झाली. अस्लाकनं खांद्यावरचा पट्टा काढला, खांबावर चढायचा तो पट्टा आणि बुटांना लावायचे लोखंडी खिळे, ज्यांच्याशिवाय तो चर्चलाही जात नसे. ते सगळं त्यानं तिच्या गळ्यात घातलं आणि पळत जाऊन गाडी पकडली. ताई ते लोखंड गळ्यात मिरवत तिथेच उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हसत.

आपले खिळे मागे ठेवून जाणारा माणूस परत येतोच. मी बोर्डासमोर बसल्या बसल्या नाचले. आणि सांगायचं कुणाला? कुणालाच नाही!

ओढ्याची झडप पडली. खुंटी लावली तर आवाज अगदी पातळ. सतराही घरं वर होती, न बोलता. त्या सगळ्यांमधून लंगडणारं घड्याळ, आणि आई.

"सेंट्रल," आई म्हणाली. तिला पुढे काय म्हणतात तेही माहीत नव्हतं. थोडं थांबून म्हणाली, "किती वाजले?"

त्या प्रश्नात काय होतं ते मला कळत होतं. सगळ्या लाईनला कळत होतं. आणि एक शब्द जरी बाहेर काढला तरी बोर्ड परत, घर परत. सेक्रेटरी तिथेच असणार, साखर चघळत.

"चार त्रेचाळीस, आई," मी म्हटलं. अगदी सेंट्रलसारखं म्हटलं. मग म्हटलं, "आणि येताना मलई आण. जास्त लागेल."

मलईची लापशी आमच्याकडे दोनच वेळी शिजते: पाळणा हलला की आणि लग्न ठरलं की. आमच्या घरात पाळणा नव्हता.

आईनं एक मोठा श्वास घेतला, तो थरथरत बाहेर आला. मग खट्‌ झालं, आणि मग एकामागून एक सोळा वेळा खट्‌, इतकं हळू की जणू झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लोटत आहेत.

बोर्डावरची गोष्ट मी सांगितली नव्हती. मलई मागितली होती. मलई मागू नये असा नियम नोर्डालांनी अजून छापलेला नव्हता.

अंधार पडायच्या आत पहिला डबा आला. तेल्लेफ आणि टोर दोघंही आले, एक डबा दोघांत धरून. "गायीनं आज जास्तच दिलं," तेल्लेफ बुटांकडे बघत म्हणाला. मग ओडेगार्ड: "नासून जाईल म्हणून आणली." मग पाद्रीणबाईंचा डबा. मग ओढ्याकडून घोडागाड्यांची रांगच लागली. नोर्डाल स्वतः आले, डबा पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्याकडे काही विशेष आहे का? मला काही कल्पना नाही." ताई म्हणाली, "आहे, काका. माझं लग्न ठरलं. जूनमध्ये." तेव्हा पाद्रीणबाईंनी दोन्ही गालांवर हात ठेवले, टोर खाली बसला, आणि नोर्डाल भुवया टोपीपर्यंत नेऊन म्हणाले, "काय सांगतेस!"

शेवटी आई आली, स्कारेकाकूंच्या गाडीतून, सतरावा डबा छातीशी धरून. पायरीवर सोळा डबे मांडलेले बघून ती तिथेच थांबली. ताई दारात होती, गळ्यात अजून ते खिळे. मग ताईनं आईच्या हातातून डबा घेतला.

"आत ये," ती म्हणाली. "आज पहिलं ताट तुझं."